तृण, काष्ठ, पाषाण

‘विकणे आहे : जुना दोन चौकी वाडा, संपूर्ण सागवानी, लगत विहीर व फळबाग, शिवाय स्वतंत्र कुरण. मिळकत निर्वेध. मध्यस्थांनी तसदी घेऊ नये.’ अशा धर्तीचा मजकूर पुणे-सातारा-सांगलीकडील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर, हरवलेल्या गुणपत्रिका आणि नावांतील बदल यांच्या शेजारी, वर्षाकाठी पुष्कळदा छापून येतो. तो वाचणाऱ्या शहरी गृहस्थाला ही एक अखंड वस्तू आहे असे वाटते, आणि तसे वाटावे हाच जाहिरातीचा हेतू असतो. वस्तुतः त्या चार ओळींत निदान तीन मिळकती आहेत. त्या निरनिराळ्या दप्तरांत नोंदलेल्या आहेत, निरनिराळ्या कायद्यांच्या अंमलाखाली आहेत, आणि त्यांच्या दाराशी येणारी गिऱ्हाइकेही एकमेकांची तोंडे पाहत नाहीत.

जुन्या सनदापत्रांत इनाम जमिनीचे वर्णन करताना जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी एक ठरीव मालिका येते. चतुःसीमेच्या आत जे जे म्हणून काही आहे, वाहते पाणी, उभे झाड, गवताची काडी, लाकूड, दगड, एवढेच काय पण पुरलेले धन सापडले तर तेही, ते सर्व एका धन्याच्या एका हक्काखाली येते, असा तिचा आशय. देशावरचा वाडा या मालिकेतून उभा राहिला. वाडे पडतात ते वारसांच्या अनास्थेने, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु नीरेच्या खोऱ्यातील एक विक्रीस निघालेला वाडा, त्याची बाग, त्याचे कुरण आणि त्याचे कागद पाहिल्यावर मला ती रीत अपुरी वाटू लागली. वाडा ज्या उत्पन्नाच्या मापाने बांधला गेला ते उत्पन्न गेले, ते जाणे न्याय्यही होते, आणि उरलेली वास्तू आज अखंड घेणाऱ्यापेक्षा सुटी सुटी घेणाऱ्याला अधिक किफायतीची झाली आहे, हा खरा पेच आहे. घराण्याच्या इच्छेवरून गावाचे आणि माणसांचे नाव येथे घातलेले नाही. देशपांडेपणाचे वतन सांभाळणारे हे घराणे होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

काष्ठ

उत्तरेकडे तोंड केलेल्या दिंडी दरवाजाचा अडसर अजून भिंतीतील आपल्या पोकळीत सरकतो. देवडी ओलांडली की पहिला चौक, त्याच्या तिन्ही बाजूंना ओसरी आणि समोर सदर. जमाबंदीचे हिशेब, वसुलाचे तंटे, पाहुण्यांची पंगत आणि पंचांची बैठक हे सारे या सदरेवर झालेले. दुसरा चौक घरच्यांचा : माजघर, स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, आणि धान्याचे बळद. त्यामागे न्हाणी, आड व परसदार. जोते घडीव दगडाचे, भिंती पांढरीच्या मातीच्या, आणि त्या भिंतींच्या पोटात सागाचा सांगाडा : उथळ्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाट. सदरेच्या खांबांना सुरूच्या झाडाचा घाट आहे आणि महिरपींतून केळफुले लोंबतात. त्यांतील दोन कोणीतरी काढून नेली असून तेथे खुंट्यांची भोके तेवढी शिल्लक आहेत.

जुन्या लाकडाचा एक व्यापारी मी तेथे असताना माल पाहावयास आला होता. त्याने नक्षीकडे पाहिलेही नाही. तो प्रथम खाली बसला, उथळ्यालगत खांबाच्या बुडाशी खिशातल्या चाकूने तेलरंगाचा पापुद्रा काढला, आतले लाकूड नखाने दाबले, हुंगले, आणि मग उभा राहून टेप लावला. वाळवी बुडापासून चढते, म्हणून परीक्षा बुडापासून. “खांब चांगले आहेत, मागच्या तुळया दोन गेल्या,” तो म्हणाला. “घर उतरवायला महिना लागेल. नक्षीचे पैसे धरतो, पण नक्षीवाले गिऱ्हाईक मिळेल तेव्हा. नाहीतर फळ्याच पाडायच्या.” त्याच्या वहीत सदर नव्हती, माजघर नव्हते, नग होते आणि घनफूट होते. त्याला दोष देण्याचे कारण नाही. जुन्या सागाला मुरण्याची गरज नसते, तो पीळ खात नाही, आणि शहरांतील उपाहारगृहांना व बंगल्यांना त्याची हाव आहे. सरकारी मूल्यांकनाची गोष्ट तर याहून विलक्षण. मुद्रांकासाठी बाजारमूल्याचे जे वार्षिक तक्ते वापरतात त्यांत इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा वजा होतो. इमारत जितकी जुनी तितकी तिची किंमत घसरत जावयाची, आणि पेशवाईतील कोरीव महिरप त्या हिशेबात जीर्ण बांधकाम ठरावयाची.

कायद्याचे संरक्षण नाही असे नव्हे, पण ते चमत्कारिक ठिकाणी आहे. १९७२च्या पुरावस्तुविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. १९६४च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याने परसातील उभा साग वा आंबा परवानगीवाचून तोडता येत नाही. परंतु तोच साग दोनशे वर्षांपूर्वी तुळई होऊन बसला असेल, आणि वाडा संरक्षित स्मारकांच्या यादीत नसेल, तर त्याच्या फळ्या पाडण्यास मालकाची मान हलली म्हणजे झाले.

वाडा राखण्याचा खर्च मुळातच एका घराने सोसण्याजोगा नव्हता, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर, भिंतींचे लिंपण, कडीपाटाची निगा, हे सर्व बलुतेदारांच्या आणि वेठीच्या श्रमांवर चालत असे. ज्याला आज आपण वाड्याचे ऐश्वर्य म्हणतो त्याचा एक मोठा भाग हा दुसऱ्यांच्या न चुकविलेल्या मजुरीचा भाग होता. माळवदाची भीती तर लोकांना १९९३च्या सप्टेंबरअखेर कळली, जेव्हा किल्लारीच्या भूकंपात मातीत बसविलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची अवजड छपरे झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळली. या वाड्याच्या मागल्या चौकावरचे माळवद त्यानंतर उतरवून तेथे पत्रा घातला गेला. घरात झोपणारे तरी तेव्हा कोण होते? गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८च्या जानेवारीअखेरीपासून, पश्चिम महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली तीत ब्राह्मण घराण्यांचे अनेक वाडे भस्मसात झाले. हा वाडा वाचला, पण घराणे पुण्यास गेले ते सणावारांपुरतेच परत येऊ लागले.

जल आणि तरु

परसदारातून बाहेर पडले की बाग लागते. आंब्याची जुनी झाडे, एक चिंच, एक कवठ, कुंपणाशी रामफळ, आणि विहिरीवर वाकलेला सोनचाफा. विहीर दोन मोटांची. थारोळ्याच्या दगडाला दोरांनी पाडलेल्या खाचांत बोट बसते. दगडी पाट मात्र बागेत थोडासा वळून पूर्वेकडील उसाच्या फडात जातो, आणि त्या वळणात या मिळकतीचा अर्धा इतिहास आहे.

मुंबई राज्यात १९४८चा कूळकायदा आला, १९५६ साली तो अधिक धारदार झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. विहिरीखालचे पूर्वेकडील बागाईत असे कुळाकडे गेले, आणि जमिनीबरोबर पाण्याची पाळीही गेली. सात-बाराच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात विहिरीतील हिस्सा नोंदलेला आहे. जाहिरातीत ज्या विहिरीचा उल्लेख आहे तिचा एकटा धनी कोणीच नाही. घेणाऱ्याला मिळेल ती पाळी.

आणि घेणारा कोण? ज्या कुळाला १९५७ साली जमीन लागली त्याचा नातू. बागेची खरी मागणी आहे ती त्याची. पाळी आधीच त्याची, बांध त्याला लागून, आणि सातबारा त्याच्या नावे असल्याने तो शेतकरी असल्याचा दाखला त्याला शोधावा लागत नाही. हा मुद्दा शहरी वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही : कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणजे जाहिरात वाचून हुरळलेल्या गृहस्थाला गावठाणातील वाडा घेता येईल, पण त्याच्या वडिलांच्या नावे कोठेही शेत नसेल तर परसदाराचे दार उघडून बागेत मालक म्हणून पाऊल टाकता येणार नाही. “आजोबा या विहिरीवर मोट हाणायचे,” नातू म्हणाला, “आता बागायत घेतो, वाडा नको. वाडा घेऊन करू काय, झाडू?” या बोलण्यात द्वेष नव्हता, आणि कळवळाही नव्हता. सत्तर वर्षांत जे संक्रमण झाले ते त्याच्या दृष्टीने पूर्ण झाले आहे आणि त्याची शेवटची बाब बाकी आहे, इतकेच.

तृण

कुरण गावापासून कोसभर दूर, माळावर आहे. ज्यांनी कुरण पाहिलेले नाही त्यांना ती पडीक जमीन वाटते, आणि महसुलाच्या भाषेनेही हा गैरसमज पोसला आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यात जी पाहणी सुरू केली व जिच्या धर्तीवर पुढे साऱ्या मुंबई इलाख्याची जमाबंदी बसली, तिच्या दृष्टीने जमिनीची प्रतवारी म्हणजे पिकाची प्रतवारी. गवत पिकवणारा माळ हा तिच्या हिशेबात तळाला. मराठेशाहीच्या दृष्टीने गोष्ट उलटी होती. राज्य घोड्यावर चालत होते, घोडा चंदी-वैरणीवर चालत होता, आणि म्हणून कुरणे राखली जात. पावसाळा संपून बी धरेपर्यंत आत जनावर घालावयाचे नाही, मग कापणी, मग गंजी, आणि मग उरलेल्या खुंटांवर चराई असा तो क्रम असे. या घराण्याच्या पागेत किती घोडी होती ते कोणास ठाऊक नाही, पण कुरण पागेसाठी राखलेले होते आणि पागेचा कोठा आज ट्रॅक्टरच्या सुट्या भागांनी भरलेला आहे.

आश्विनाच्या अखेरीस कुरण कमरेइतके होते. पवन्या तांबूस झालेला, मारवेल अजून ओलसर, आणि कडेला कुसळी. कुसळीचे टोक लोकरीत शिरते व कातडी टोचते, म्हणून मेंढके ती पाहून आधीच वळतात. कुसळी वाढली की कुरण अवेळी चारले गेले असे जाणते लोक समजतात. घराणे दरवर्षी गवताचा लिलाव करते, आणि कापणीनंतर कोकणाकडे निघालेले धनगर दोन-चार दिवस खुंटांवर मेंढरे घालतात; हा कराराने मिळालेला हक्क नव्हे, वहिवाट आहे. कुरण विकले तर काय कराल, असे मी त्यांच्यातील एका म्हाताऱ्यांना विचारले. “रस्त्याकडंनं न्यायची मेंढरं. दुसरं काय करणार, दादा?” एवढेच ते म्हणाले आणि कोकरू उचलून चालू लागले.

अशा माळांना आज दुसरेही मोल आले आहे. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा आणि लांडगा यांना अभयारण्याची हद्द कळत नाही. ते भोवतालच्या खाजगी माळांवर आणि गायरानांवर फिरतात. अशी गवताळ जमीन एकदा नांगरली किंवा तीत प्लॉट पाडले म्हणजे मूळचे गवत आपण होऊन परत येत नाही, कारण बी आणि माती दोन्ही जातात.

खाजगी कुरण आणि सरकारी गायरान यांतील भेद येथे सांगितला पाहिजे, कारण खरेदीदार ते नेहमी एकच समजतात. गायरान सरकारचे, गावाच्या गुरांसाठी नेमून दिलेले; ते कोणी विकू शकत नाही. गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी दिला, आणि त्यानंतर महाराष्ट्र शासनानेही १२ जुलै २०११चा निर्णय काढून तेच धोरण धरले. या कुरणाची एक बाजू गायरानाला लागून आहे. तारेचे कुंपण नेमके कोठे असावे हे भूमी अभिलेखाच्या मोजणीवाचून कोणी सांगू शकत नाही, आणि गेल्या कित्येक वर्षांत ते कोणत्या दिशेने सरकले असावे याचा अंदाज करणे कठीण नाही.

त्यातून हे कुरण वतनाचे. परगणे व कुलकर्णी वतने नष्ट करणारा १९५०चा कायदा १ मे १९५१ रोजी अमलात आला. वतन जमिनी सरकारजमा झाल्या आणि ठरावीक रक्कम भरल्यावर धारकांना नव्या शर्तीवर फेरदत्त झाल्या. म्हणून सात-बाराच्या माथ्यावर आजही ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा आहे; शेतीखेरीज अन्य कारणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा यांवाचून हस्तांतरण नाही. जाहिरातीतील ‘निर्वेध’ येथे पहिल्यांदा अडखळतो.

निर्वेध

दुसऱ्यांदा तो अडखळतो वंशावळीत. चित्रकलेच्या मोठ्या कागदावर ती मांडलेली मला दाखवली गेली. पुरुषांची नावे शाईने, आणि स्त्रियांची शिसपेन्सिलीने, मागाहून. त्या पेन्सिलीच्या नावांना कायद्याने शाई दिली आहे. महाराष्ट्राने १९९४ साली, आणि देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून, एकत्र कुटुंबातील मुलीला जन्मतः सहदायादाचा हक्क दिला. राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलींना असलेला अडथळाही २००५ सालीच निघाला. आणि बाप त्या तारखेला हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. परिणामी ज्यांना कोणी सणालाही बोलावीत नव्हते अशा आत्यांना आणि बहिणींना हक्कसोडपत्राच्या सहीसाठी दूरध्वनी जाऊ लागले. ऐंशी ओलांडलेल्या एका आत्याबाईंनी भाच्यांना उत्तर दिले, “सही मागायला आलात ते बरं केलंत. पण लग्न होऊन गेले ती पुन्हा सदरेवर बसले नाही. आधी वाडा दाखवून आणा, मग सहीचं बघू.”

एखाद्या भावाने उतावीळपणे आपला हिस्सा परक्याला विकला तर? १८८२च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणे त्या परक्याला एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात संयुक्त ताबा मिळत नाही, आणि त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३च्या वाटणीच्या कायद्याने उरलेल्या भावांना तो हिस्सा विकत घेण्याची मुभा आहे. जुन्या घरांना तुकड्यांनी जाण्यापासून वाचविणारी ही तरतूद शहाणपणाची आहे. पण ती ‘राहत्या घरा’साठी आहे, आणि जेथे कोणी राहत नाही ते घर राहते आहे असे न्यायाधीशासमोर सांगावे लागते.

तिसरी अडचण वाड्याच्या स्वतःच्या कागदाची. शेताला सात-बारा असतो. गावठाणातल्या घराला पुष्कळ ठिकाणी ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा तेवढा असतो, आणि घरपट्टी भरणे हा मालकीचा पुरावा नव्हे. ड्रोनने गावठाणे मोजण्याचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यात, सरदार पानशांच्या गढीमुळे प्रसिद्ध असलेल्या सोनोरी गावी झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने ‘स्वामित्व’ नावाने ही योजना देशभर जाहीर केली. आता गावठाणातील धारकाला मिळकतपत्रिका मिळते, आणि तिच्याबरोबर जो दाखला मिळतो त्याला सनदच म्हणतात. मात्र ही सनद चौरस मीटरची आहे. वाड्याची लांबी-रुंदी तीत येते. विहिरीची पाळी, माळावरचे गवत आणि सदरेचे खांब तिच्या कक्षेबाहेर राहतात.

मग उपाय काय? दिवे घाटापलीकडची पिलाजीराव जाधवांची गढी हॉटेल होऊन टिकली, आणि मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा घाटाच्या कीर्तीवर व चित्रपटांच्या चित्रीकरणावर प्रवाशांना खेचतो. पण पहिलीला पुणे जवळ आहे आणि दुसऱ्याला नानांचे नाव. ज्या शेकडो वाड्यांना यांतले काहीच नाही, त्यांच्या वारसांना माझे सांगणे विक्रीच्या क्रमापुरते आहे. आज सर्वत्र जो क्रम दिसतो तो असा : बाग आधी जाते, कारण शेजारी रोख घेऊन उभा असतो, मग परवानगी मिळाली की कुरण जाते, कारण प्लॉटवाला थांबलेला असतो, आणि शेवटी उरलेल्या, पाण्यावाचूनच्या, उत्पन्नावाचूनच्या वाड्याला लाकूडवाल्यावाचून गिऱ्हाईक राहत नाही. प्रत्येक विक्री व्यवहार्य, आणि प्रत्येक विक्रीने पुढच्या वस्तूचा भाव पाडलेला. क्रम उलटा धरावा. प्रथम वाड्याला माणूस शोधावा, आणि बागेचा परसदारालगतचा पट्टा व गवताचे उत्पन्न हे त्याच्याच पदरात टाकावे; मग तो शेतकरी असलेला गावचाच कोणी असो, शाळा असो, वा भावांपैकीच एक असो. सनदेतील मालिकेचे न्याय्य तेवढे, म्हणजे वेठ आणि वतन वगळून उरलेले, तृण-काष्ठ-जल एका हाती ठेवले, तरच छपराचा खर्च जमिनीतून निघण्याची शक्यता आहे. असे गिऱ्हाईक उशिरा मिळते आणि भाव कमी देते. तो तोटा घराण्याने डोळे उघडे ठेवून पत्करावा लागेल; न पत्करल्यास निदान वाड्याच्या नावाने उसासे टाकू नयेत.

नीरेकाठच्या भावांनी लाकूडवाल्याचा बयाना तूर्त घेतलेला नाही. कुरणाच्या मोजणीची फी भरली आहे, परवानगीचा अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत आहे, आणि कुळाच्या नातवाने बागेचा पश्चिमेकडील पट्टा वाड्याला सोडून उरलेली बाग घेण्याचे तोंडी कबूल केले आहे. हक्कसोडपत्रावरच्या सहीचा प्रश्न तेवढा राहिला. त्यासाठी आत्याबाईंना माघात गावी न्यावयाचे ठरले असून, त्यांच्यासाठी सदर झाडून घेण्याचे काम धाकट्या भाच्याकडे आले आहे.